इंग्रजीच्या विद्यार्थ्याचे भाषाविज्ञान

इंग्रजी साहित्याच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमात भाषाविज्ञानाला किती जागा द्यावी, हा प्रश्न अभ्यासमंडळांपुढे दर काही वर्षांनी येतो आणि बहुधा गुणांच्या हिशोबात मिटतो. एक विषयपत्रिका की अर्धी, अनिवार्य की ऐच्छिक, एवढ्यावर चर्चा थांबते. विद्यार्थ्याला कोणते भाषाविज्ञान हवे आणि ते कशासाठी, याचा विचार त्याआधी व्हावयास हवा; तो सहसा होत नाही. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील महाविद्यालयांच्या संदर्भात तर या प्रश्नाचे स्वरूपच पालटते. येथील इंग्रजीच्या वर्गातील विद्यार्थी घरी मराठी, गुजराती, कच्छी, तमिळ अशी एखादी भाषा बोलतो, लोकलगाडीत मुंबईची हिंदी बोलतो आणि उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहितो. भाषाविज्ञानाला जी सामग्री लागते ती तो वर्गात पाऊल ठेवतानाच बरोबर घेऊन येतो. अभ्यासक्रम मात्र या सामग्रीची दखल एकाच नावाने घेतो: 'मातृभाषेचा प्रभाव'. आणि प्रभाव याचा येथे अर्थ दोष असा असतो.

या विद्यार्थ्याला भाषाविज्ञान दोन ठिकाणी भेटते. भाषेच्या विषयपत्रिकेत ध्वनींची उच्चारस्थाने, ब्रिटिश प्रमाण उच्चारातील ४४ स्वनिम, शब्दसिद्धीचे प्रकार, ग्रिमचा नियम अशी सामग्री असते. ती पाठ केली की गुण मिळतात, म्हणून ही पत्रिका 'सोपी' मानली जाते. दुसरी भेट साहित्यसिद्धान्ताच्या पत्रिकेत होते. तेथे १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या सोस्यूरच्या व्याख्यानांपासून संरचनावादाचा आरंभ सांगितला जातो आणि चिन्हक, चिन्हित, भाषाव्यवस्था हे शब्द येतात. पहिल्या पत्रिकेतला सोस्यूर भाषावैज्ञानिक असतो, दुसरीतला तत्त्वज्ञ होऊन येतो; हे दोघे एकच गृहस्थ आहेत, याचा विद्यार्थ्याला क्वचितच पत्ता लागतो. २०१९ पासून लागू झालेल्या 'नेट' परीक्षेच्या इंग्रजी अभ्यासक्रमातही दहा घटकांपैकी एक भाषेच्या मूलभूत संकल्पनांना व अध्यापनाला, तर एक भारतातील इंग्रजीच्या इतिहासाला दिलेला आहे. परंतु वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या परीक्षेत भाषेविषयीची माहिती तपासता येते, भाषेचे वर्णन करता येते की नाही हे तपासणे कठीण.

वर्णन हाच या सर्व प्रकरणातला कळीचा शब्द आहे. भाषिक चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांपासून असलेल्या भेदातून ठरते, हे सोस्यूरचे प्रतिपादन तत्त्वज्ञानाच्या खुर्चीत बसून सुचलेले नाही. भाषांच्या ध्वनींचे व रूपांचे वर्षानुवर्षे वर्णन केलेल्या माणसाचे ते विधान आहे. ते समजण्यासाठी मराठी विद्यार्थ्याला फार दूर जाण्याचे कारण नाही. इंग्रजीतील 'पिन' या शब्दाच्या आरंभीचा प महाप्राण असतो, 'स्पिन' मधला नसतो. तरीही इंग्रजी भाषकाच्या लेखी हे दोन्ही ध्वनी एकच, कारण त्यांच्या अदलाबदलीने शब्द बदलत नाही. मराठीत नेमक्या त्याच भेदावर 'पळ' आणि 'फळ' हे दोन शब्द उभे राहिले. (आजच्या मुंबईत 'फळ' मधला फ बहुधा दंतोष्ठ्य घर्षक झालेला आहे, ही गोष्ट वेगळी, तीही वर्गात नोंदवण्यासारखीच आहे.) एका भाषेत अर्थभेदक असलेला ध्वनिभेद दुसरीत निरर्थक असू शकतो, एवढे या चार शब्दांतून कानाला पटले की स्वनिमाची व्याख्या पाठ करावी लागत नाही आणि सोस्यूरचे 'मूल्य' ही गूढ कल्पना राहत नाही.

लिपी ही भाषा नव्हे, हे इंग्रजीच्या वर्गात इंग्रजी वर्णलेखनाची विक्षिप्त उदाहरणे देऊन शिकविले जाते आणि देवनागरी 'जशी बोलावी तशी लिहिली जाते' असा समज विद्यार्थ्याच्या मनात तसाच राहतो. वस्तुतः 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा, 'जरा' म्हणजे वार्धक्य आणि 'जरा' म्हणजे थोडे, या जोड्यांत उच्चार दोन आहेत आणि अक्षर एक. उलट दिशेचेही उदाहरण आहे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांत मराठी 'व्हॅन' आणि 'वॉर्ड' असे दोन प्रकारे लिहिते. हिंदी दोन्हीकडे व लिहून मोकळी होते. इंग्रजी दंतोष्ठ्य ध्वनी ऐकल्यावर मराठी कानाने आपल्याच व्यवस्थेतील 'व्ह' शोधून काढला, असा याचा अर्थ. मात्र 'पेन' म्हणजे लेखणी की वेदना, हे मराठी लेखनातून कळत नाही, कारण त्या ठिकाणी कानाने भेद घेतलाच नाही. ज्याला अध्यापक 'सदोष उच्चार' म्हणतो तो अनेकदा दुसऱ्या एका व्यवस्थेचा शिस्तशीर उच्चार असतो.

व्याकरणाच्या बाबतीत परिस्थिती अधिक गंभीर आहे. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले तेव्हापासून मराठी व्याकरण एकीकडे संस्कृत व दुसरीकडे इंग्रजी अशा दोन चौकटींच्या ताणात वाढले. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (१९११) हा ताण पानोपानी जाणवतो. शालेय पातळीवर या इतिहासाचा जो गाळ उरला त्यात 'कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस' हे समीकरण आहे. ते चुकीचे आहे आणि चूक किरकोळ नाही.

'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने पोळी खाल्ली' या वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून हा कर्मणी प्रयोग. पण इंग्रजी कर्मवाच्य रचनेत कर्ता पदच्युत होतो. त्याला 'बाय' या शब्दामागे ढकलता येते किंवा गाळूनच टाकता येते. मराठी वाक्यात राम कोठेही गेलेला नाही. 'रामाने आपला आंबा खाल्ला' यातील 'आपला' रामाकडेच निर्देश करते. वाक्याच्या कर्तेपणाची जी सत्ता ती रामाकडेच आहे, फक्त क्रियापदाची रूपे कर्माच्या अधीन झाली आहेत. कर्ता खरोखर बाजूला करायचा तर मराठीला 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' अशी निराळी रचना करावी लागते आणि ती पाठ्यपुस्तकाबाहेर फारशी कोणी बोलत नाही. म्हणजे एकाच नावाखाली दोन भिन्न वस्तू ठेवल्या गेल्या. परिणामी विद्यार्थ्याला इंग्रजी कर्मवाच्य रचना कशासाठी वापरतात हे कळत नाही आणि स्वतःच्या भाषेचा एक अत्यंत लक्षणीय विशेष त्याच्या नजरेतून निसटतो.

याचे साहित्यसमीक्षेशी काय नाते, असा प्रश्न येईल. इंग्रजी गद्याच्या, विशेषतः प्रशासकीय व राजकीय गद्याच्या, शैलीचे परीक्षण करताना कर्मवाच्य रचनेने कर्त्याला लपविण्याचा मुद्दा हमखास येतो; जॉर्ज ऑर्वेलच्या १९४६ च्या भाषाविषयक निबंधापासून तो अध्यापनात रूढ आहे. मराठी विद्यार्थी हा मुद्दा मान्य करतो आणि मराठीतही तसेच घडते असे लिहितो. परंतु मराठीत जबाबदारी टाळणारा माणूस कर्मवाच्याकडे जातच नाही. 'काच फुटली', 'उशीर झाला', 'फाईल राहिली' असे तो म्हणतो. अकर्मक क्रियापद, आणि विशेषतः 'होणे' हे क्रियापद, हा मराठीचा लपण्याचा कोपरा आहे. मराठी कार्यालयीन परिपत्रकाचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्याने किंवा इंग्रजी कादंबरीतील कारकुनाचे बोलणे मराठीत आणणाऱ्याने हे ओळखले नाही, तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि स्वभावदृष्ट्या खोटे वाक्य हाती येते. विधान साधेच आहे, पण एखाद्या परदेशी पुस्तकात ते आयते मिळत नाही. विद्यार्थ्याला आपल्या दोन भाषा समोरासमोर ठेवून ते स्वतः शोधावे लागते.

सर्वनामांचा प्रश्न याहून सुखाचा आहे, कारण येथे उपनगरातील विद्यार्थ्याची भाषिक संपत्ती इंग्रजी भाषकापेक्षा मोठी ठरते. शेक्सपिअरच्या नाटकांत 'दाऊ' आणि 'यू' यांच्यातील अदलाबदल हा अर्थाचा महत्त्वाचा भाग आहे. 'किंग लिअर'च्या पहिल्याच प्रवेशात आजवर मर्यादेने बोलणारा केंट राजाला अचानक एकेरीवर संबोधतो, तेव्हा दरबारात काय घडले हे आजच्या इंग्रज वाचकाला टीपेतून समजावून सांगावे लागते. मराठी वाचकाला ते कानफटात बसल्यासारखे ऐकू येते, अट एवढीच की मूळ रूपे कोणीतरी त्याच्या लक्षात आणून द्यावीत. १९७४ मध्ये 'राजा लिअर' मराठीत आणताना विंदा करंदीकरांना, जे स्वतः मुंबईच्या महाविद्यालयांतून इंग्रजी शिकवीत होते, संवादागणिक तू, तुम्ही की आपण हे ठरवावे लागले असणार; तो निर्णय म्हणजेच नाटकाची समीक्षा होय. ब्राउन आणि गिलमन यांनी १९६० च्या आपल्या निबंधात संबोधनाच्या सर्वनामांची मांडणी सत्ता आणि सलगी या दोन अक्षांवर केली. आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणणाऱ्या, आणि पुढच्या पिढीत वडिलांनाही 'तू' म्हणू लागलेल्या मराठी कुटुंबांत वाढलेल्या विद्यार्थ्याला ही मांडणी शिकविताना परदेशी उदाहरणांपासून आरंभ करणे हा वेळेचा अपव्यय आहे.

'आपण' आणि 'आम्ही' यांचा भेद त्याहूनही फलदायी. इंग्रजी 'वुई' मध्ये ऐकणारा समाविष्ट आहे की नाही, हे रूपावरून कळत नाही. मराठीला ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेच्या मराठी अनुवादात 'आम्ही' हे रूप आहे. तेथे 'आपण' असते तर घोषणेचे निवेदन आपसातील विचारविनिमयात बदलले असते. राजा राव यांच्या 'कांथापुरा'ची (१९३८) निवेदक म्हातारी गावाची गोष्ट गावाबाहेरच्या ऐकणाऱ्याला सांगते. तिचे 'वुई' आम्ही आहे, आणि ते तसे आहे हे ध्यानात आले की त्या कादंबरीतील श्रोत्याचे स्थान हा एक निराळा प्रश्न म्हणून उभा राहतो. निवेदनमीमांसेची पारिभाषिक संज्ञा न वापरता विद्यार्थी तिच्या दाराशी पोहोचतो.

घाटकोपर किंवा मुलुंडच्या एखाद्या वर्गात हाच प्रयोग थोडा पुढे नेता येतो. गुजराती बोलणारी विद्यार्थिनी सांगेल की तिच्याकडेही 'आपणे' आणि 'अमे' अशी दोन रूपे आहेत. तमिळ घरातला विद्यार्थी 'नाम' आणि 'नांगळ' सांगेल. हिंदी बोलणाऱ्याकडे 'हम' एकच. फळ्यावर ही रूपे लिहिली की वंशवृक्षाच्या आकृतीला तडा जातो: एका कुळातली हिंदी एका बाजूला, त्याच कुळातल्या मराठी व गुजराती दुसऱ्या कुळातल्या तमिळच्या शेजारी. मराठी-गुजरातीतील हा भेद द्राविड भाषांच्या संपर्काशी जोडला जातो. एमेनोने १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असे जे प्रतिपादन केले त्याचा आशय अशा वर्गात चार बाकांवर बसलेला असतो. अध्यापकाला तमिळ किंवा कच्छी येत नाही ही येथे अडचण नव्हे. विद्यार्थी माहितीचा स्रोत होतो आणि अध्यापक प्रश्न विचारणारा. भाषाविज्ञानाच्या क्षेत्रकार्याची ही मूळ पद्धतच आहे, आणि तिला प्रवासखर्च लागत नाही.

भारतीय इंग्रजीच्या बाबतीत मात्र सावधपणे पुढे जावयास हवे. निस्सीम इझिकेल १९६१ ते १९७२ या काळात पार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजीचे विभागप्रमुख होते. 'भारतीय इंग्रजी'त लिहिलेल्या त्यांच्या कविता, विशेषतः मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोपसमारंभाची कविता, वर्गात वाचली जाते तेव्हा बहुधा दोनच प्रतिक्रिया उमटतात. काही विद्यार्थी हसतात, काही दुखावले जातात. दोन्ही प्रतिक्रिया एकाच गृहीतकावर उभ्या आहेत: कवितेतील चालू काळाची रूपे 'चुका' आहेत. अध्यापक त्यावर 'मातृभाषेचा प्रभाव' हे उत्तर देतो आणि पुढे जातो.

ते उत्तर तपासून पाहिले तर अर्धेच टिकते. 'मला दिसत आहे', 'मला आठवत आहे', 'मला कळत आहे' ही मराठी वाक्ये स्वाभाविक आहेत. तेव्हा 'आय एम सीइंग', 'आय एम रिमेम्बरिंग' यांचे मूळ तेथे दाखविता येईल. परंतु 'आय एम हॅविंग' आणि 'आय एम नोइंग' यांचे काय? मराठी 'माझ्याजवळ पैसे आहेत' आणि 'मला माहीत आहे' म्हणते. चालू काळाचे रूप तेथे नाही. म्हणजे प्रभावाची उपपत्ती या ठिकाणी अपुरी पडते आणि शिकणाऱ्याने एकदा हाती लागलेला नियम सर्वत्र लावला, अशा दुसऱ्या उपपत्तीचा आधार घ्यावा लागतो. याउलट 'आय केम यस्टरडे ओन्ली' यातील 'ओन्ली' हा 'मी कालच आलो' यातील 'च' आहे, याविषयी फारशी शंका नको. इंग्रजीत आघाताने जे साधले असते ते येथे वाक्यातील एका शब्दाने साधलेले आहे. हे भेद हाती आल्यावर कवितेकडे परत यावे. इझिकेल यांनी ऐकलेली बोली नोंदविली आहे, की तिच्यातील विशेष एरवी बोलण्यात येतात त्याहून दाट करून तिचे व्यंगचित्र काढले आहे? भाषाविज्ञान या प्रश्नाचे उत्तर देत नाही. परंतु त्याच्याशिवाय हा प्रश्न नेमकेपणाने विचारताच येत नाही, आणि हास्य व अवमान यांच्यापलीकडची समीक्षा सुरू होत नाही.

वेसाव्याच्या किंवा गोराईच्या कोळीवाड्यातून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक धार आहे. ण ऐवजी न आणि ळ ऐवजी ल उच्चारल्याबद्दल शाळेत त्याची मराठी अशुद्ध ठरलेली असते. महाविद्यालयात त्याच कानाने शिकलेली इंग्रजी अशुद्ध ठरते. आपली बोली नियमबद्ध आहे आणि प्रमाणभाषेने मिळविलेले स्थान सामाजिक कारणांनी मिळविलेले आहे, हे त्याला इंग्रजीच्या वर्गात प्रथमच कळावे, हा योगायोग विचित्र खरा, तरी कळावे.

इंग्रजीच्या अभ्यासकाने आपल्या भाषेचे वर्णन करावे ही अपेक्षा नवी नाही. अशोक केळकर इंग्रजी साहित्याच्या अभ्यासाकडून भाषाविज्ञानाकडे गेले आणि १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी मराठीच्या स्वनव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर प्रबंध सादर केला. भालचंद्र नेमाडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून भाषाविज्ञानाची आणि मुंबई विद्यापीठातून इंग्रजीची पदव्युत्तर पदवी घेतली, अनेक वर्षे इंग्रजी शिकविली आणि इंग्रजीच्या मराठीवरील प्रभावाचा समाजभाषावैज्ञानिक व शैलीवैज्ञानिक अभ्यास (१९९०) लिहिला. त्यांच्या समीक्षेतील देशीवादाविषयी मतभेद असू शकतात. तिच्यातील भाषिक निरीक्षणांचा काटेकोरपणा कोठून आला याविषयी नसावा. पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत अध्यापन केलेले मिलिंद मालशे यांचे 'आधुनिक भाषाविज्ञान: सिद्धान्त आणि उपयोजन' १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. घाटकोपर-मुलुंडच्या इतक्या जवळ बसून लिहिलेले हे पुस्तक मराठीच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. इंग्रजी विभागांच्या वाचनसूचींत मराठी ग्रंथाला सहसा स्थान नसते, जणू ज्या भाषेविषयी शिकायचे तिच्यातूनच शिकले पाहिजे असा काही दंडक आहे.

या सर्वांसाठी जागा कोठून आणावयाची? काही गोष्टी वगळाव्या लागतील. ग्रिमच्या नियमाचे कोष्टक इंग्रजी भाषेच्या इतिहासात विशेष रस असलेल्यांसाठी ठेवावे. चॉम्स्कीच्या १९५७ नंतरच्या प्रत्येक प्रतिमानाचा परिचय पदवी पातळीवर नको. वाक्यातील घटकांची उतरंड असते आणि दिसणाऱ्या क्रमामागे दुसरे संबंध असतात, एवढे रामाच्या आंब्यावरूनही कळते. ब्रिटिश प्रमाण उच्चाराचे लेखन शिकवावे, पण ते शब्दकोश वाचण्याचे साधन म्हणून. त्यावर अर्धी पत्रिका खर्च करण्याचे प्रयोजन उरलेले नाही. याउलट शैलीविज्ञानाच्या नावाखाली कवितेतील प्रत्येक आकृतिबंध मोजत बसण्याच्या मोहापासूनही विद्यार्थ्याला दूर ठेवले पाहिजे. याकोबसन आणि लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ मध्ये बोदलेअरच्या मांजरांवरील सुनीताचे जे विश्लेषण केले त्यावर रिफातेरने १९६६ मध्ये घेतलेला आक्षेप, की यातील पुष्कळसे आकृतिबंध कोणत्याही वाचकाला जाणवणारच नाहीत, आजही उत्तर मागतो. वाचताना ज्याचा परिणाम होतो त्याचेच वर्णन समीक्षेच्या उपयोगाचे.

अडचण खरी आहे ती अध्यापकांची. उपनगरांतील बहुतेक इंग्रजी अध्यापक साहित्याचे शिक्षण घेऊन आलेले असतात आणि भाषेची पत्रिका विभागात नव्याने रुजू झालेल्याच्या वाट्याला येते. मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील विद्यानगरीत इंग्रजी, मराठी आणि भाषाविज्ञान हे तिन्ही विभाग चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एका सत्रासाठी या तीन विभागांनी मिळून दोन भाषांतील एकाच उताऱ्याच्या वर्णनाची कार्यशाळा घ्यावयाचे ठरविले, तर वेळापत्रकाखेरीज दुसरा अडथळा दिसत नाही. परीक्षेचा प्रश्न त्यानंतर येतो. उत्तरपत्रिकेत विद्यार्थिनीने कच्छीतील उदाहरण दिले आणि परीक्षकाला कच्छी येत नसेल, तर गुण उदाहरणाला द्यावयाचे की तिच्या विश्लेषणाच्या सुसंगतीला, हे अभ्यासमंडळाला आधीच लिहून ठेवावे लागेल.